‘सेंद्रिय’ म्हणजे सजीवांचंच असं नव्हे

बेन्नू लघुग्रहावरून 2023 मध्ये पृथ्वीवर आणलेल्या मातीत प्रथिनांतल्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते सेंद्रिय रेणू, सापडली. ही बातमी वाचून एका मित्राने लगेच विचारलं, “म्हणजे तिथे जीव होते तर?”

घोटाळा ‘सेंद्रिय’ या शब्दातच आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसहित. असे पदार्थ फक्त सजीवांत, कुठल्याशा प्राणशक्तीने बनतात, असं एकेकाळी मानत. 1828 मध्ये फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि त्या समजाला तडा गेला. नाव मात्र तेच राहिलं. ‘सेंद्रिय, म्हणजे केमिकल नाही’ असं सांगून माल खपवणारे याच गोंधळावर जगतात. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे साधारणपणे कार्बनची संयुगं, आणि त्या हिशेबाने डीडीटी हे कीटकनाशकसुद्धा सेंद्रियच आहे.

मग जीव नसताना अमिनो आम्ल बनतं कसं? एक वाट आडोल्फ श्ट्रेकरने 1850 मध्येच दाखवली होती, आणि ती मला फार सुंदर वाटते. लागतात फक्त अल्डिहाइड (ज्यात कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात असा रेणू), अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि पाणी. अल्डिहाइडमधला ऑक्सिजन दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे शेजारचा कार्बन किंचित धनभारित होतो. अमोनियातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. ती या कार्बनला जाऊन चिकटते. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन येतो. आता त्याच कार्बनवर सायनाइड येऊन बसतं. पुढे पाणी या सायनाइड गटाचं हळूहळू कार्बोक्सिल आम्लगटात रूपांतर करतं आणि एक अमोनिया मोकळा होतो. झालं अमिनो आम्ल तयार! फॉर्माल्डिहाइड घेतलं तर ग्लायसिन, ॲसिटाल्डिहाइड घेतलं तर ॲलॅनिन. स्टॅनली मिलरने 1953 मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडून ही दोन्ही मिळवली, तीही मुख्यतः याच वाटेने बनली असं मानतात.

आता सायनाइड येतं त्या क्षणाकडे नीट पाहा. तो कार्बन आणि त्याला जोडलेले तिन्ही अणू एका सपाट पातळीत असतात. सायनाइड वरून आलं तर ॲलॅनिनचं एक रूप तयार होतं, खालून आलं तर त्याचं आरशातलं प्रतिबिंब, जसे डावा आणि उजवा हात. दोन्ही बाजू त्याला सारख्याच, म्हणून डावे-उजवे रेणू निम्मे-निम्मे बनतात. सजीवांची प्रथिनं मात्र डावीच अमिनो आम्लं वापरतात.

बेन्नूच्या मातीत डावी आणि उजवी जवळपास सारखीच निघाली.