परदेशात पोलिसांनी थांबवलं तर: सातारा-सांगलीतून निघण्याआधी करायची कागदपत्रं

पुणे-बेंगळुरू महामार्गावर पोलिसांनी हात केला की आपण गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो आणि कागद घेऊन त्यांच्याकडे चालत जातो. अमेरिकेत असं उतरून चालू लागलात तर पोलीस लगेच सावध होतो, कारण तिथे ती धोक्याची खूण समजतात. गाडीतच बसून राहायचं, काच खाली करायची, दोन्ही हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. कागद मागितले की कुठल्या कप्प्यातून काढणार ते आधी सांगायचं आणि मगच हात हलवायचा.

एवढं जमलं तरी पुढची तपासणी कागदांवरच चालते. कागद पुरे आणि एकमेकांशी जुळणारे असतील तर बहुतेक वेळा काम दोन-चार मिनिटांत आटोपतं. ते कागद मात्र तिथे गेल्यावर उभे करता येत नाहीत, इथूनच करून न्यावे लागतात.

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि त्याच्याकडे मुदतीतला पक्का परवाना हवा. शिकाऊ परवान्यावर हा मिळत नाही. अर्ज राहत्या ठिकाणच्या आरटीओकडे करायचा: साताऱ्याचं कार्यालय एमएच-११, कराडचं एमएच-५०, सांगलीचं एमएच-१०. नोकरीच्या निमित्ताने पुण्यात परवाना काढला आणि आता गावी राहत असाल, तर आधी परवान्यावरचा पत्ता बदलून घ्या. नाहीतर अर्ज त्याच जागी अडतो.

लागणारी कागदपत्रं अशी: मूळ परवाना, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. व्हिसा, विमानाचं तिकीट आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी भरलेला नमुना १अ (वैद्यकीय प्रमाणपत्र) असेल तर तेही सोबत ठेवा, कधीकधी मागतात. अर्जाचा नमुना ४अ आहे. सरकारी फी १,००० रुपये.

परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडायचं, परवान्याच्या सेवांमध्ये जाऊन परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकायची, मग आंतरराष्ट्रीय परवान्यापुढे खूण करायची. पासपोर्टचा तपशील भरा, कागद चढवा, फी भरा आणि पावती छापून ठेवा. त्यानंतर मूळ कागद घेऊन आरटीओत पडताळणीला जायचं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात ही धावपळ करू नका, निदान महिनाभर हातात ठेवा.

हे काम तीन ठिकाणी हमखास अडकतं. पहिली अडचण जुन्या पुस्तकी परवान्यांची. तो क्रमांक पोर्टलवर सापडतच नाही, कारण त्याची संगणकात नोंद झालेली नसते. आधी आरटीओत जुन्या परवान्याची नोंद करून घ्यावी लागते. दुसरी अडचण नावाची, आणि आपल्याकडे ती फार. परवान्यावर ‘पाटील सुनीता महादेव’, पासपोर्टवर ‘सुनीता संजय पाटील’: एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नवऱ्याचं. इथे कुणी हरकत घेत नाही. तिकडचा पोलीस मात्र अक्षराला अक्षर लावून बघतो, आणि त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका असतात. परवान्यावरचं नाव दुरुस्त करून मगच अर्ज करा, कारण आंतरराष्ट्रीय परवान्यावर नाव तिथूनच येतं. तिसरी गोष्ट मुदतीची. आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. मूळ परवान्याचं नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं, तेव्हा ते आधी उरका.

पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत हा परवाना वेगवेगळ्या आकाराचा आणि रंगाचा निघायचा, त्यामुळे परदेशात तो खरा की खोटा असा प्रश्न यायचा. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने सगळीकडे एकच नमुना झाला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड आला. हा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. जपान त्याच करारातला परवाना मानतो, म्हणून तिथेही तो चालतो. चीनमध्ये तो चालत नाही.

कोणत्या वाहनाचा प्रकार नोंदवलाय ते नीट बघा. थायलंडमध्ये भाड्याने स्कूटर घेणारी बरीच मंडळी इथेच सापडतात. परवाना फक्त चारचाकीचा असतो, पोलीस रस्त्यात थांबवतात आणि दंड होतो. दंडाचं फार काही नाही, खरा घोर अपघाताचा आहे. त्या वाहनाचा परवाना नसेल तर प्रवास विमा कंपनी हात वर करते आणि दवाखान्याचं सगळं बिल घरच्यांवर येतं. आणि मूळ भारतीय परवाना सोबत हवाच. आंतरराष्ट्रीय परवाना एकटा पुरत नाही. डिजिलॉकरमधली प्रत आपल्या वाहतूक पोलिसांना चालते, तिकडे ती मानायला कुणी बांधील नाही.

पायी फिरताना

जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असा कायदाच आहे. जवळ नसेल तर एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तिथे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवणं हीच चूक. जिथे अशी सक्ती नाही तिथे पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स खिशात ठेवून भागतं. शेवटचं पान विसरू नका, पत्ता आणि आई-वडिलांची नावं त्यावर असतात. एक संच बॅगेत, एक घरी माहीतगार माणसाकडे, आणि फोनमध्ये नेट नसतानाही उघडेल अशी प्रत. दोन पासपोर्ट साइज फोटो वेगळे ठेवा.

पासपोर्ट कुणाकडेही तारण म्हणून ठेवू नका. स्कूटर भाड्याने देणारे दुकानदार सर्रास मागतात. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, आपण फक्त बाळगणारे. दुकानदाराला झेरॉक्स आणि रोख अनामत द्या. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

पोलीस चारित्र्य प्रमाणपत्राबद्दल (आपल्या नावावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला) इथे गल्लत होते. नोकरी, शिक्षण किंवा दीर्घ वास्तव्याच्या व्हिसासाठी ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढतात, फी ५०० रुपये. आपले दोन्ही जिल्हे पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. आठ दिवसांच्या सहलीत पोलीस ते बघत नाहीत, उगाच काढू नका.

पोलीस समोर आल्यावर

मागतील तेवढंच द्यायचं. पासपोर्ट मागितला तर पासपोर्ट द्या, पाकीट नको. रोख रक्कम, कार्ड किंवा कार्डाचा पिन तपासायला मागणारा माणूस साध्या वेशात असेल तर तो भामटा असण्याचीच शक्यता जास्त. युरोपातल्या पर्यटनस्थळी हा प्रकार बराच चालतो: एकजण रस्ता विचारायला येतो, मागोमाग दोघे ‘पोलीस’ येतात आणि नोटा खोट्या आहेत का बघतो म्हणतात. आवाज न चढवता ओळखपत्र मागा आणि ‘पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो’ म्हणा. खरा पोलीस तयार होतो. मदतीला युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये ११०, दुबईत ९९९ आणि थायलंडच्या पर्यटक पोलिसांसाठी ११५५.

‘साहेब, काहीतरी मिटवून घ्या’ हा सूर तिकडे चुकूनही लावू नका. दोन नोटा पुढे केल्या की साध्या दंडाच्या जागी लाच देण्याचा गुन्हा उभा राहतो. दंड असेल तर पावतीवर भरा.

बॅग तपासतील तेव्हाचा एक धोका आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. लेकीला दुबईला मसाला पाठवताना आईच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नसतं, पण सापडला तर चौकशी होते ती नेणाऱ्याची. खसखस न घालता वेगळा मसाला कुटून घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकंही अमिरातीत नियंत्रित आहेत. त्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच घ्या. बाकीच्या गोळ्या मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नका.

ठाण्यात नेलंच तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. दुभाषा मागा आणि ‘भारतीय दूतावासाला कळवा’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. वकिलातींच्या कामाबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ नुसार अटकेतल्या परदेशी माणसाला हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो. दूतावास तुरुंगातून सोडवत नाही, दंडही भरत नाही. वकिलांची यादी देतो, भेटायला येतो आणि तुमची संमती असेल तर घरी कळवतो. घरच्यांना इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्टचा तपशील लागतो, म्हणूनच झेरॉक्सचा एक संच गावी ठेवायचा.

तपासणी संपल्यावर पासपोर्ट तिथेच उघडून बघा: आपलाच आहे ना, व्हिसाचं पान जागेवर आहे ना. पोलिसांनी तो ठेवून घेतला तर ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचा क्रमांक आणि तारीख असलेली लेखी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत, झेरॉक्स आणि ते दोन फोटो घेऊन दूतावास. नवा पासपोर्ट लवकर होणार नसेल तर तिथे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, आणि ते फक्त भारतात परत येण्याच्या एका प्रवासापुरतंच चालतं.