गावात क्वारंटाइन केंद्र उघडायचं असेल, तर: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

साथीच्या काळातलं तात्पुरतं क्वारंटाइन केंद्र ही घरकुलासारखी योजना नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. साथरोग कायदा 1897 आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 यांच्या आधारे निघालेल्या आदेशावर केंद्र चालतं. म्हणून आधी तो आदेश वाचा. किती दिवस, कोणाला आणि कोणत्या आजारासाठी हे त्यातच असतं. कोविडच्या सुरुवातीचे 14 दिवस डोक्यात पक्के बसलेत, पण दरवेळी तेवढेच असतील असं नाही.

केंद्रात ठेवतात ते रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, पण लक्षणं नसलेल्या माणसांना. ताप-खोकला सुरू झालेल्याला त्याच खोलीत ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्याला दवाखान्यात हलवायचं. घरी स्वतंत्र खोली, वेगळं शौचालय आणि काळजी घेणारं माणूस असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे घरीच राहू देण्याची लेखी विनंती करता येते. आदेशात तशी मुभा असली पाहिजे. एका खोलीत सात माणसं राहत असतील तर विनंती करण्यात अर्थ नाही.

येताना आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मोबाइल, चालू औषधं आणि त्यांची चिठ्ठी, तपासणी झाली असल्यास अहवाल आणा. कागद नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नका. गुजरातेतून ऊसतोड करून परतलेल्या मजुराचं रेशनकार्ड पाड्यावर पेटीत असतं. नाव, गाव आणि कोणासोबत आला एवढं लिहून घ्या. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत नोंद घेणाऱ्याला पावरी किंवा भिली ही तिथली आदिवासी बोली येत असेल तर निम्मं काम सोपं होतं.

जागेसाठी ग्रामपंचायतीने तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्यावं. नंदुरबारसारख्या नगरपालिका क्षेत्रात मुख्याधिकारी, जळगाव-धुळे शहरांत महापालिका आयुक्त. आश्रमशाळा हवी असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनाही विचारा. पत्रात खोल्या, चालू शौचालयं, पाण्याचा स्रोत आणि विजेची सोय लिहा. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा, कारण शाळांमध्ये शौचालयाची भांडी बसवलेली असतात आणि पाणीच नसतं. 6 बाय 5 मीटरच्या वर्गात खाटांमध्ये एक मीटर अंतर ठेवलं तर सहा खाटा बसतात, दोन मीटर ठेवलं तर चारच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचं शेड घेऊ नका. जळगावच्या उन्हात माणूस दुपारी बाहेर येणारच, आणि तिथेच क्वारंटाइन मोडतं.

खाजगी मंगल कार्यालय ताब्यात घ्यायचं असेल तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 65 नुसार लेखी आदेश लागतो. मालकाने तोंडी ‘हो’वर चावी देऊ नये. चावी देण्याच्या दिवशी पंचनामा करून घ्यावा: पंखे, नळ, गाद्या, भांडी, मीटरचं रीडिंग, फोटोसह. परत घेताना तसाच दुसरा. कलम 66 प्रमाणे भरपाई त्या जागेच्या भाड्यावर ठरते. भाडं ठरलेलं नसेल तर परिसरातल्या तशाच जागेच्या भाड्यावर. रक्कम मान्य नसेल तर लवादासाठी अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. पहिला पंचनामा नसला तर एखादी वस्तू आधीच तुटलेली होती की केंद्र चालू असताना तुटली, हे नंतर कोण सांगणार?

फरशी आणि शौचालयासाठी एक टक्क्याचं द्रावण: 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर लिटरला 30 ग्रॅम, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 300 ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर मंदावते, म्हणून तोंड घट्ट बांधा आणि द्रावण रोज ताजं करा. त्यात शौचालयाचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

मुदत संपल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सही-शिक्क्याचा दाखला मागून घ्या. त्यावर आल्याची आणि सुटल्याची तारीख हवीच; कामावरच्या रजेसाठी तोच कागद दाखवावा लागतो.