ह्यूज, विल्यम मॉरिस

(२५ सप्टेंबर १८६२ – २८ ऑक्टोबर १९५२). ऑस्ट्रेलियन कामगारनेता, कायदेपंडित व १९१५ ते १९२३ या काळातील पंतप्रधान. ‘बिली ह्यूज’ या नावाने अधिक परिचित.

त्याच्या जन्मस्थळाविषयी व जन्मवर्षाविषयी बराच काळ घोळ होता. जुन्या संदर्भग्रंथांतून वेल्समधील लँडुडनो हे जन्मगाव आणि १८६४ हे जन्मवर्ष आढळते. स्वतः ह्यूजने ही समजूत खोडून काढली नाही. उलट वेल्श म्हणून मिरवणे त्याला आवडे. एल. एफ. फिट्झहार्डिंग यांनी सिद्ध केलेल्या द्विखंडी चरित्रानंतर मात्र लंडनचा पिम्लिको भाग व १८६२ हे वर्ष सर्वमान्य झाले असून प्रस्तुत नोंदीतही तेच ग्राह्य धरले आहे. वेल्श असल्याचा दावा अगदीच निराधार नव्हता. आईवडील दोघेही मूळचे वेल्सचे. वडील सुतार होते व वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनात कामाला होते. आई लवकर वारल्यावर मुलगा लँडुडनो येथे आत्याकडे वाढला. पुढे तो लंडनला परतला आणि वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्स शाळेत विद्यार्थी-शिक्षक म्हणून राहिला.

१८८४च्या अखेरीस तो क्वीन्सलंडमध्ये ब्रिस्बेन बंदरात उतरला. त्यानंतरच्या दीडदोन वर्षांत त्याने मिळेल ते काम केले, एवढे निश्चित. या काळातील साहसांचे जे रंगतदार किस्से सांगितले जातात, त्यांपैकी बहुतेकांचा आधार ह्यूजने उतारवयात लिहिलेल्या आठवणी हाच आहे. त्या चवीने वाचाव्यात, पुरावा म्हणून नव्हे. १८८६च्या सुमारास तो सिडनीत आला. एलिझाबेथ कट्स हिच्याशी त्याने संसार थाटला, पण विवाहाची नोंद सापडत नाही. १८९०मध्ये बालमेन या गोदीलगतच्या कामगारवस्तीत त्याने छोटे दुकान काढले. तेथे किरकोळ मालाबरोबर राजकीय पत्रके विकली जात, छत्र्या दुरुस्त होत आणि मागच्या खोलीत तरुण समाजवाद्यांची चर्चा रंगे. त्यांत विल्यम होलमन हा लंडनहूनच आलेला तरुण होता. तो पुढे न्यू साउथ वेल्सचा मुख्यमंत्री झाला.

त्याच वर्षी मोठा सागरी संप झाला व तो मोडला. बळ मालकांच्या व सरकारच्या हाती असताना केवळ संपाने भागत नाही, विधिमंडळात शिरले पाहिजे, असा धडा कामगारांनी घेतला. १८९१मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये मजूर पक्षाचे ३५ सदस्य निवडून आले. ह्यूजने काही महिने लोकर कातरणाऱ्यांच्या संघटनेचा प्रचारक म्हणून वसाहतीच्या अंतर्भागात भटकंती केली आणि १८९४मध्ये सिडनीतील लँग मतदारसंघातून तो विधानसभेवर गेला. म्हणजे कामगारनेता होऊन मग राजकारणी, हा क्रम त्याच्या बाबतीत पुरता लागू पडत नाही. ज्या संघटनेमुळे त्याचे नाव झाले, ती त्याने आमदार झाल्यावरच उभी केली. १८९०च्या पराभवाने खिळखिळ्या झालेल्या सिडनी गोदी कामगार संघटनेची त्याने १८९९मध्ये पुनर्बांधणी केली व तिचे चिटणीसपद पुढे सोळाएक वर्षे सांभाळले. मालवाहू गाड्या हाकणाऱ्यांच्या संघटनेचाही तो अध्यक्ष होता.

१९०२मध्ये निरनिराळ्या बंदरांतील संघटना एकत्र येऊन वॉटरसाइड वर्कर्स फेडरेशन स्थापन झाले व ह्यूज त्याचा पहिला अध्यक्ष झाला. या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी लवादाची घटनात्मक चौकट पाहावी लागते. १९०१मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या कलम ५१ (३५) नुसार औद्योगिक तंट्यांत सलोखा व लवाद यांविषयी कायदा करण्याचा अधिकार संघराज्याला मिळाला, पण फक्त एका राज्याच्या सीमेबाहेर पसरलेल्या तंट्यांपुरता. सिडनीच्या गोदीतील भांडण सिडनीपुरते राहिले, तर ते संघीय न्यायालयापुढे येऊच शकत नव्हते. देशभराची एकच संघटना असली की तंटाही आंतरराज्य ठरतो. १९०४च्या सलोखा व लवाद कायद्याने न्यायालय स्थापन झाले. मात्र गोदी कामगारांना पहिला संघीय निवाडा न्यायमूर्ती हिगिन्स यांच्याकडून मिळायला १९१४ उजाडले. फेडरेशनच्या कार्यकारिणीत संसद सदस्यांचाच भरणा होता, यावर तेव्हाही टीका झाली. ह्यूजला त्यात काही वावगे वाटत नसे. संप हे त्याच्या लेखी शेवटचे व बहुधा तोट्याचे हत्यार होते. १९०९च्या न्यूकॅसल येथील कोळसा खाणसंपातही त्याने आक्रमक गटाला आवर घालण्याचाच प्रयत्न केला.

दरम्यान १९०१मध्ये वेस्ट सिडनीतून तो संघीय संसदेवर निवडून आला होता. सदस्य असतानाच त्याने कायद्याचा अभ्यास केला व १९०३मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. १९०४च्या अल्पजीवी वॉटसन मंत्रिमंडळात तो परराष्ट्र व्यवहारमंत्री आणि पुढे अँड्र्यू फिशर (स्कॉटलंडहून आलेला खाणकामगार) याच्या तिन्ही मंत्रिमंडळांत ॲटर्नी-जनरल होता. फिशरने पद सोडल्यावर २७ ऑक्टोबर १९१५ रोजी ह्यूज पंतप्रधान झाला. संघराज्याचे आर्थिक अधिकार वाढवण्यासाठी डिसेंबरात सार्वमत घ्यायचे ठरले होते. ते त्याने रद्द केले. कामगार संघटनांशी बिनसण्यास येथूनच सुरुवात झाली.

उघड फूट पडली ती परदेशातील युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीवरून. सप्टेंबर १९१६मध्ये पक्षाच्या न्यू साउथ वेल्स शाखेने त्याला काढून टाकले आणि ज्या गोदी संघटनेचा तो आधारस्तंभ होता, तिनेही. २८ ऑक्टोबरच्या सार्वमतात सक्तीच्या बाजूने १०,८७,५५७ व विरुद्ध ११,६०,०३३ मते पडली. १४ नोव्हेंबरला पक्षाच्या संसदीय गटाच्या बैठकीतून तो सुमारे चोवीस समर्थकांसह उठून गेला आणि विरोधकांशी हातमिळवणी करून नॅशनॅलिस्ट पक्षाचा नेता झाला. मजूर पक्षाच्या बोलीत अशा फुटिराला ‘रॅट’, म्हणजे उंदीर, म्हणतात. ह्यूजला ती उपाधी मरेपर्यंत चिकटली. डिसेंबर १९१७चे दुसरे सार्वमतही तो हरला. त्याच प्रचारात क्वीन्सलंडमधील वॉरिक रेल्वेस्थानकावर त्याच्यावर अंडे फेकले गेले. स्थानिक पोलिसांनी आपले ऐकले नाही, या रागातून त्याने संघराज्याचे स्वतंत्र पोलीस दल उभारले.

१९१९च्या पॅरिस शांतता परिषदेत त्याने जर्मन न्यू गिनीवरील ऑस्ट्रेलियाचा ताबा पदरात पाडून घेतला आणि वांशिक समतेच्या जपानी प्रस्तावाला कडाडून विरोध केला. स्वतः स्थलांतरित असूनही ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ (गोऱ्यांखेरीज इतरांच्या स्थलांतरास मज्जाव) या धोरणाबाबत तो कधी डगमगला नाही. तथापि १९२१च्या साम्राज्य परिषदेनंतर त्याच्याच निमंत्रणावरून व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी १९२२मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा केला व तेथील मोजक्या भारतीयांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. हा अधिकार ह्यूज पायउतार झाल्यावर, १९२५मध्ये मिळाला.

१९२२च्या निवडणुकीनंतर कंट्री पक्षाने ह्यूजच्या हाताखाली काम करण्यास नकार दिल्याने फेब्रुवारी १९२३मध्ये पंतप्रधानपद स्टॅन्ली ब्रूसकडे गेले. १९२९मध्ये ब्रूसने सागरी उद्योग वगळता लवादाच्या क्षेत्रातून संघराज्याने अंग काढून घ्यावे, असे विधेयक आणले. लोकांचा कौल घेतल्याखेरीज ते अमलात येऊ नये, अशी दुरुस्ती ह्यूजने मांडली. ती एका मताने संमत झाली आणि सरकार कोसळले. निवडणुकीत खुद्द ब्रूस पडला, तोही मेलबर्नच्या एका कामगारनेत्याकडून. यामागे केवळ सूडबुद्धी होती, असे मत काही अभ्यासक मांडतात. सूड होताच, पण ज्या व्यवस्थेसाठी त्याने १९०२मध्ये फेडरेशन बांधले, तीच मोडीत निघत होती, हेही विसरता येत नाही. संधिसाधूपणाचा सरसकट आरोप येथे पुरेसा वाटत नाही.

याच सुमारास नॅशनॅलिस्ट पक्षातूनही त्याची हकालपट्टी झाली. पुढे स्वतःचा अल्पायुषी ऑस्ट्रेलियन पक्ष, मग युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्ष (१९४१–४३ मध्ये नेतृत्व) व अखेर लिबरल पक्ष असा त्याचा प्रवास झाला. १९३७ ते १९३९ या काळात तो पुन्हा परराष्ट्र व्यवहारमंत्री होता. सिडनी येथे निधन झाले तेव्हा तो ब्रॅडफील्ड मतदारसंघाचा विद्यमान संसद सदस्य होता. राज्य व संघीय विधिमंडळे मिळून त्याचे सदस्यत्व सलग ५८ वर्षांचे होते.