डिश टीव्ही कंपनीनं मोबाईल सेवेत उतरणं

घराच्या छतावर छत्री बसवून उपग्रहावरून टीव्ही दाखवणारी कंपनी जेव्हा मोबाईलची सिम विकायला लागते, तेव्हा ती दोनपैकी एका वाटेनं जाते. सोपी वाट म्हणजे दुसऱ्याच्या टॉवरवरची सेवा घाऊक भावात घ्यायची आणि आपलं नाव लावून किरकोळीत विकायची, याला व्हर्च्युअल ऑपरेटर म्हणतात. अवघड वाट म्हणजे सरकारकडून स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, विकत घ्यायचा आणि स्वतःचे टॉवर उभे करायचे. जगात दोन्ही प्रकार झालेत, पण अवघड वाटेचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या डिश नेटवर्कचं आहे आणि या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिलीय.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुठल्याही कंपनीच्या छत्रीला डिशच म्हणतात, त्यामुळे आधी नावाचा घोळ मिटवून टाकू. आपल्याकडची डिश टीव्ही ही झीच्या घरातून निघालेली, २००३ साली सुरू झालेली भारतातली पहिली डीटीएच सेवा. अमेरिकेतली डिश नेटवर्क ही वेगळी कंपनी, वेगळा मालक. मोबाईलमध्ये उडी घेतली ती अमेरिकेतल्या डिशनं.

सीमाभागातून बघितलं तर

टीव्ही आणि मोबाईल या दोन धंद्यांतला फरक समजायला सीमाभागासारखी दुसरी जागा नाही. टेलिकॉम खात्याच्या हिशोबात कर्नाटक हे एक सर्कल, आणि मुंबई सोडून महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. म्हणजे बेळगावहून शिनोळीला गेलं की चंदगड तालुका लागला, सर्कल बदललं. कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलं की बदललं आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी बदललं. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात हद्दीवरच्या गावांत तर घरात बसल्या बसल्या फोन पलीकडचा टॉवर पकडायचा, लगेच वेलकमचा मेसेज यायचा आणि आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जायचा. आमच्या घरात फोन ठेवायची एक ठरलेली खिडकी होती, कर्नाटकची रेंज तिथंच मिळायची, आणि फोन वाजला की सगळ्यांनी तिकडं पळायचं. पोरगी कोल्हापुरात दिलेली, मामा गडहिंग्लजला, दवाखाना बेळगावात, अशी सगळी घरं, त्यामुळे दोन सिमचा फोन ही इकडं चैन नव्हती. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर तोच ठेवून पोर्ट करता यायला लागलं, तेव्हा पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांचे बेळगावचे नंबर टिकले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंग फुकट देत आली आणि २०१७ मध्ये बाकीच्यांनीही देशातल्या रोमिंगचे पैसे घेणं बंद केलं, मग ती खिडकी सुटली.

छत्रीचं असं काहीच नव्हतं. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, पृथ्वीच्याच वेगानं फिरतो म्हणून जमिनीवरून बघताना एका जागी थांबल्यासारखा असतो, आणि त्याचा झोत अख्ख्या देशावर पडतो. कोल्हापुरातली छत्री काढून येळ्ळूरला आणून लावली तरी तोच उपग्रह सापडतो. एक जण गच्चीवर नट सैल करून छत्री हळूहळू फिरवणार, खालचा ओरडणार "थांब थांब, येऊलाय येऊलाय, आता हलवू नको", झालं काम. मराठी पॅक घ्यायचा का कन्नड, का मराठी घेऊन वर दोन कन्नड चॅनेल सुटे घ्यायचे, एवढाच काय तो सीमाप्रश्न दुकानात उरायचा. २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले, १३० रुपये अधिक टॅक्स भरून पहिले शंभर चॅनेल आणि पेड चॅनेलचे पैसे वेगळे, तेव्हा सुटं निवडायची ही पद्धत सगळीकडंच आली.

आता यातली मेख अशी आहे की टीव्हीवाल्याला एक उपग्रह वर सोडला की एका झोतात सगळे गिऱ्हाईक सापडतात, आणि तो नुसता पाठवतो, घरची छत्री त्याला उलट काही पाठवत नाही. गिऱ्हाईक एक लाखाचे दोन लाख झाले तरी उपग्रहावर ताण वाढत नाही. मोबाईलमध्ये प्रत्येक फोन टॉवरशी दोन्ही बाजूंनी बोलतो, एका टॉवरखाली माणसं वाढली की नेट रडायला लागतं (गणपतीत गणपत गल्लीत उभं राहून फोटो पाठवून बघा), आणि मग आणखी टॉवर, आणखी फायबर, जागेचं भाडं, वीज, डिझेल. म्हणजे छत्रीच्या धंद्यातला अनुभव टॉवर उभारताना फारसा कामाला येत नाही. कामाला येतं ते दुसरंच, बिलं वसूल करायची सवय, गिऱ्हाईकांची यादी, कॉल सेंटर, आणि रिचार्ज मारणारी दुकानं. खडेबाजारात काय किंवा निपाणीच्या स्टँडजवळ काय, डिशचं रिचार्ज आणि मोबाईलचं रिचार्ज एकाच काउंटरवर एकच माणूस मारतो.

जावंसं का वाटतं

कारण टीव्हीचं गिऱ्हाईक गळायला लागलंय. इंटरनेटवरून सिरियल आणि मॅच बघता यायला लागल्यावर छत्रीचं रिचार्ज संपलं तरी लोक पुन्हा मारत नाहीत. भारतात २०२० च्या सुमारास डीटीएचचे चालू ग्राहक साधारण ७ कोटी होते, २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. अमेरिकेतल्या डिशचे चांगल्या काळात १ कोटी ४० लाखांच्या आसपास होते, २०२४ अखेर ६० लाखांच्या आत. टीव्ही ज्या फोनवर चाललाय त्या फोनचीच कंपनी व्हावी, असा सरळ विचार. शिवाय पावसात सिग्नल जातो हे छत्रीचं जन्मजात दुखणं आहेच. घरच्या छत्रीवर येणारा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो आणि जोराच्या पावसाचे थेंब तो शोषून घेतात, त्यामुळे जुलैत जांबोटी-कणकुंबीकडं ऐन सिरियलच्या वेळी पडदा निळा होतो.

अमेरिकेतल्या डिशची गोष्ट

चार्ली एर्गन, त्यांची बायको कँडी आणि मित्र जिम डीफ्रँको यांनी १९८० मध्ये कोलोरॅडोत धंदा सुरू केला, तोच पुढं इकोस्टार झाला, तेव्हा ते अंगणात बसवायच्या मोठाल्या छत्र्या विकायचे. एर्गन त्याआधी पत्त्यांवर पैसे लावून कमवायचे, आणि पुढची तीस वर्षं बघितली तर ती सवय गेली असं वाटत नाही. स्वतःचा पहिला उपग्रह डिसेंबर १९९५ मध्ये सोडला आणि १९९६ मध्ये डिश नेटवर्क सुरू झालं.

मोबाईलकडं मात्र ते सिम विकत विकत गेले नाहीत, ते गेले हायवेच्या कडेला जमीन घेऊन ठेवणाऱ्या माणसासारखे. २००८ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा एक पट्टा ७० कोटी डॉलरच्या वर देऊन घेतला. २०११ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या डीबीएसडी आणि टेरेस्टार या दोन कंपन्या मिळून पावणेतीन अब्ज डॉलरच्या आसपास देऊन घेतल्या. या दोघींकडं उपग्रहावरून चालणाऱ्या फोनसाठीच्या लहरी होत्या, तो धंदा बसला होता आणि लहरी स्वस्तात पडून होत्या. मग डिशनं तिथल्या दूरसंचार आयोगाकडं, म्हणजे एफसीसीकडं अर्ज केला की याच लहरी जमिनीवरच्या टॉवरला वापरू द्या, आणि डिसेंबर २०१२ मध्ये परवानगी मिळाली. शेतजमीन घेऊन एनए करून घेतात तसलाच हा प्रकार, एका शिक्क्यात भाव कुठल्या कुठं गेला. २०१३ मध्ये स्प्रिंट ही अख्खी मोबाईल कंपनी घ्यायला २५.५ अब्ज डॉलरची बोली लावली, ती जपानच्या सॉफ्टबँकेनं नेली. २०१५ च्या लिलावात डिशचा पैसा असलेल्या दोन छोट्या कंपन्यांनी छोट्यांसाठीची सवलत धरून १३.३ अब्ज डॉलरच्या लहरी उचलल्या, आणि एफसीसीनं ती ३.३ अब्जांची सवलत नाकारली. २०१७ मध्ये आणखी ६.२ अब्ज घातले. एवढं सगळं होऊनही डिशचं स्वतःचं एक मोबाईल गिऱ्हाईक नव्हतं! उतारा नावावर, रान पडीक.

दार उघडलं ते दुसऱ्यांच्या लग्नात. टी-मोबाईल आणि स्प्रिंट एक व्हायला निघाल्या तेव्हा अमेरिकन सरकारला काळजी पडली की चारच्या तीन कंपन्या उरल्या तर दर वाढतील. जुलै २०१९ मध्ये तडजोड झाली, स्प्रिंटचा बूस्ट मोबाईल हा प्रीपेड धंदा डिशनं घ्यायचा आणि चौथी कंपनी उभी करायची. १ जुलै २०२० ला १.४ अब्ज डॉलरमध्ये बूस्ट डिशकडं आली, सोबत ९० लाखांवर ग्राहक. स्वतःचे टॉवर होईपर्यंत टी-मोबाईलच्या टॉवरवर चालायचं असं ठरलेलं. म्हणजे पोटापुरतं दुसऱ्याच्या टॉवरवर आणि मागं स्वतःचं बांधकाम, दोन्ही वाटा एकदम. वर्षभरातच दोघांत भांडण लागलं, कारण बूस्टचे बरेच फोन स्प्रिंटच्या जुन्या सीडीएमए जाळ्यावर होते आणि टी-मोबाईलला ते लवकर बंद करायचं होतं. ज्याच्या टॉवरवर बसायचं तोच बाजारातला प्रतिस्पर्धी असला की काय होतं ते इथं दिसलं. जुलै २०२१ मध्ये डिशनं एटी अँड टी या दुसऱ्या मोठ्या मोबाईल कंपनीशी दहा वर्षांचा, कमीत कमी ५ अब्ज डॉलरचा वेगळा करार करून ठेवला.

बांधकाम मात्र खरोखर नव्या पद्धतीचं होतं, हे मान्य करायला पाहिजे. जुन्या मोबाईल कंपन्या टॉवरवरची पेटी आणि त्यातलं सॉफ्टवेअर एकाच मोठ्या कंपनीकडून घेतात, डिशनं ओपन रॅन म्हणून वेगवेगळ्यांचे भाग जोडायची पद्धत घेतली आणि नेटवर्कचा मेंदू ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवला. मे २०२२ मध्ये लास वेगासमध्ये सेवा सुरू झाली. एफसीसीची अट होती, जून २०२२ पर्यंत २० टक्के लोकसंख्येपर्यंत आणि जून २०२३ पर्यंत ७० टक्क्यांपर्यंत ५जी पोचवायचं, दोन्ही तारखा डिशनं गाठल्या, टॉवर पुढं २० हजारांवर गेले. पण रेंज असणं आणि लोकांनी सिम घेणं यात फरक आहे. बूस्टचे ९० लाख ग्राहक वाढायच्या ऐवजी २०२४ अखेर ७० लाखांवर आले. टीव्हीचं उत्पन्न आटत चाललेलं, कर्जाचे हप्ते तोंडावर, त्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये सायबर हल्ला होऊन कंपनीच्या सिस्टिम कित्येक दिवस बंद. ३१ डिसेंबर २०२३ ला डिश, मधल्या काळात वेगळी झालेल्या इकोस्टारमध्ये पुन्हा विलीन झाली.

आपल्याकडचे आणि इतर

भारतातलं जवळचं उदाहरण व्हिडिओकॉनचं. धूत घराण्याची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी, आमच्याकडं निम्म्या घरांत त्यांचा टीव्ही किंवा वॉशिंग मशीन. २००८ मध्ये मोबाईलची लायसन्स मिळाली, २००९ मध्ये डीटूएच ही छत्री आली, २०१० मध्ये सिम. टीव्हीचा डबा, छत्री, फोन, सिम, सगळं एकाच नावाचं होणार होतं. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं टूजी प्रकरणात १२२ लायसन्स रद्द केली, त्यात यांचीही गेली. त्याच नोव्हेंबरच्या लिलावात त्यांनी सहा सर्कल परत घेतली, बिहार, गुजरात, हरियाणा, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशची दोन्ही, म्हणजे कर्नाटकही नाही आणि घरचा महाराष्ट्रही नाही. २०१६ मध्ये त्या सहाही सर्कलच्या लहरी एअरटेलला ४,४२८ कोटींना विकायचा सौदा झाला, आणि डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. उलट दिशेनं, म्हणजे मोबाईलवाल्यानं छत्री काढणं, एअरटेलला २००८ पासून जमलं, कारण टॉवर आणि गिऱ्हाईक आधीच हातात होतं.

सोप्या वाटेचं चांगलं उदाहरण इंग्लंडमधल्या स्काय टीव्हीचं. २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी ओटू या मोबाईल कंपनीच्या टॉवरवर स्काय मोबाईल आणली, लहरी घेतल्या नाहीत, टॉवर बांधले नाहीत, टीव्हीच्याच ग्राहकांना सिम विकली, आणि तो धंदा चालला.

लहरींचं पुढं काय झालं

मे २०२५ मध्ये एफसीसीनं इकोस्टारला पत्र पाठवून विचारलं की घेतलेल्या लहरी नीट वापरताय का, इलॉन मस्कच्या स्पेसएक्स या रॉकेट-उपग्रहवाल्या कंपनीची तर आधीपासून तक्रार होती की या लहरी नुसत्या पडून आहेत. ऑगस्टमध्ये इकोस्टारनं काही लहरी एटी अँड टीला सुमारे २३ अब्ज डॉलरना आणि सप्टेंबरमध्ये काही स्पेसएक्सला सुमारे १७ अब्ज डॉलरना विकायचे करार केले. बूस्ट मोबाईल नावाला राहिली, आता ती मुख्यतः एटी अँड टीच्या टॉवरवर चालणार. टॉवर बांधून जे मिळालं नाही ते लहरी विकून मिळालं, त्यामुळे एर्गन हरले का जिंकले यावर अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर जमीनदार जिंकला, शेतकरी हरला.

स्पेसएक्सनं घेतलेल्या लहरींत मुख्य पट्टा तोच, २०११ मध्ये दिवाळखोर उपग्रह-फोन कंपन्यांकडून आलेला. तो आता टॉवरला लागणार नाही, उपग्रहावरून थेट साध्या मोबाईलला सिग्नल द्यायला लागणार आहे, छत्री न लावता.