सामूहिक वनहक्काचा दावा: नमुना 'क' भरताना काय हवं, काय नको

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क, म्हणजे ते जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. 'आम्हालाही मिळेल का?' असं विचारणाऱ्या गावांना पहिलं सांगणं हे की, गावात सगळेच आदिवासी असले पाहिजेत असं नाही. या दाव्याच्या छापील अर्जात, म्हणजे नमुना 'क' मध्ये, ग्रामसभेचे थोडे सभासद अनुसूचित जमातीचे किंवा इतर पारंपरिक वननिवासी (पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणारे बिगरआदिवासी) असले तरी पुरे, असं लिहिलेलंच आहे. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचं वास्तव्य लागतं. इतरांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात.

दावा ग्रामसभेचा असतो, सरपंचाचा नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात, पाड्याची, टोल्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते; पंचायतीच्या मोठ्या सभेत विषय घुसवून काम भागत नाही. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हीच सभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. समितीत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला.

अर्जात सभासदांची यादी, शेजारच्या गावांची नावं, नकाशा आणि पुरावे जोडायचे. कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) माहीत असेल तरच लिहायचा; तो नाही म्हणून कुणी अर्ज परत करत असेल, तर तसं लेखी मागा. नकाशा मात्र मनापासून करा. तो कार्यालयात बसून होत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन पारंपरिक सीमेवरून चालावं लागतं आणि नाला, देवराई, गुरं चारायची जागा, मसणवट, मोहाची झाडं नावानिशी टिपावी लागतात. या खुणा स्वतःच पुरावा ठरतात. त्यांच्या जोडीला निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद), गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), वनखात्याचा जुना कार्य आराखडा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. एकाहून अधिक पुरावे हवेत, पण अमुकच कागद आणा असा हट्ट कुणाला धरता येत नाही. उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

वनहक्क समिती जागेवर जाऊन दाव्याची पडताळणी करते; तिला हजर राहायला वन आणि महसूल खात्याला लेखी कळवा, पोच घ्या. आलेल्यांनी शेरा, हुद्दा, तारीख टाकून सही करायची असते. ते आले नाहीत आणि मागाहून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. शेजारच्या गावाची सीमा अडली, तर दोन्ही समित्यांनी आधी एकत्र बसायचं.

ठराव झाला की दावा उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. फेटाळला तर कारणं लेखी मिळाली पाहिजेत. ग्रामसभेच्या निर्णयावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर आणखी ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्यापुढे विभागीय समितीकडे अपिलाची सोयही झाली आहे.

नमुना 'ब' (चराई, वनोपज अशा सामूहिक वापराच्या हक्कांचा अर्ज) सोबत भरत असाल, तर जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानाचा रकाना रिकामा ठेवू नका. वैदूला माहीत असलेली मुळी, तिची जागा, तिचा उपयोग हे ज्ञान गावाचं आहे, आणि त्यावरचा सामूहिक हक्क कायद्यातच आहे. तरी तपशील किती उघड करायचा हे ग्रामसभेत ठरवा, मगच लिहा. नकाशाची आणि इतिवृत्ताची एक प्रत गावातच राहू द्या.