नंबर बरोबर आहे, तरी नीट दिसत नाही?
स्किझोफ्रेनियाचे उपचार घेणाऱ्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, आमच्या चष्म्याच्या दुकानाकडून

काउंटरमागच्या भिंतीवर माणसाच्या चेहऱ्याचा एक प्लास्टिकचा मुखवटा उलटा टांगलेला आहे. पोकळ बाजू तुमच्याकडे. चार-पाच पावलं मागं सरा आणि एक डोळा मिटून बघा. आत गेलेलं नाक फुगून पुढं येतं, आणि तुम्ही डावी-उजवीकडे सरकलात की चेहरा तुमच्यामागं मान वळवतोय असं वाटतं. पोकळ आहे हे पक्कं माहीत असतं, तरी डोळा ऐकत नाही. खरं तर ऐकत नाही तो मेंदू. आत गेलेलं नाक त्यानं आजवर पाहिलेलंच नसतं, म्हणून समोरचं चित्र तो परस्पर 'दुरुस्त' करून टाकतो.

स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांना असा मुखवटा पोकळच दिसतो. म्हणजे जसा आहे तसा! २००९ साली संशोधक डॅनाई डिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ रुग्ण आणि १६ निरोगी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून असे पोकळ चेहरे दाखवले होते. पाहण्याचं काम डोक्याच्या मागच्या भागात चालतं. तिथं डोळ्यांकडून बातमी येते, तशी मेंदूच्या वरच्या-पुढच्या भागांकडून सूचनाही येते: 'चेहरा आहे ना, मग बाहेरच आलेला असणार.' पोकळ चेहरा समोर आला की निरोगी माणसांत या सूचनेचा जोर वाढायचा. रुग्णांत तो तसा वाढत नव्हता.

या आजारातला बिघाड मेंदूच्या एखाद्या ठिकाणी नसून भागाभागांमधल्या जोडणीत असावा, ही कल्पना कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच मांडली होती. मुखवट्यापुरता रुग्णाचा फायदा होतो, पण रोजच्या जगण्यात ही जोडणी लागतेच. तुटक रेषांतून आकार ओळखणं, फिकट रंगावरचं फिकट अक्षर वाचणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव टिपणं, अशा कामांत या आजारात अडचण येऊ शकते. आमचा तक्ता यातलं काहीच मोजत नाही. पांढऱ्यावरची काळीभोर अक्षरं तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत की आम्ही ६/६ लिहून मोकळे.

एक विनंती. हा मुखवटा म्हणजे रोगनिदान नव्हे. गांजाच्या अमलाखालीही हा भास कमी होतो. घरी पेशंटला बसवून 'सांग, पोकळ दिसतो का?' असली परीक्षा कृपा करून घेऊ नका.

गोळ्या आणि जवळचा नंबर

मध्यंतरी एक आई सत्तावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. लांबचं लख्ख, पण मोबाइलवरची अक्षरं पुसट. आम्ही जवळचा नंबर काढून चष्मा दिला. दोन महिन्यांत तोही 'लागेना'. दुसऱ्यांदा ट्रायल फ्रेम चढवताना सहज विचारलं, तेव्हा कळलं की आजारावरच्या गोळ्यांमुळे होणारा हातांचा थरथराट कमी व्हावा म्हणून त्याला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे. या औषधानं जवळचं बघताना जुळवून घेण्याची डोळ्यातल्या भिंगाची ताकद कमी होते. विशी-तिशीतल्या माणसाला एकाएकी चाळिशीचा चष्मा लागला, तर आधी औषधांची चिठ्ठी बघायला हवी. आम्ही ती पाहिली नव्हती, चूक आमची. त्या चष्म्याचे पैसे परत केले.

म्हणून येताना सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणा. क्लोरप्रोमाझिन हे स्किझोफ्रेनियावरचं जुनं औषध मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर भिंगावर आणि बुबुळावर कण साठू शकतात. याच आजारावरचं क्वेटियापिन चालू असेल तर सुरुवातीला आणि पुढं दर सहा महिन्यांनी भिंग तपासून घ्यावं, असं अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीत छापलेलं असतं. हे काम नेत्रतज्ज्ञांचं, आमचं नाही. अक्षर पुसट दिसतं म्हणून गोळी मनानं बंद मात्र करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलंत तर ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. डोळा लाल होऊन खूप दुखत असेल, दिव्याभोवती कडी दिसत असतील किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

उलटंही घडतं. पेशंट 'दिसत नाही' म्हणतो आणि घरचे 'त्याचं नेहमीचंच आहे' म्हणून सोडून देतात. त्याला साधा उणे दोनचा नंबरही असू शकतो. आधी तपासू या, मग काय ते ठरवू.

मदत हवी असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये घरच्यांसाठीही स्वमदत गट चालतात.

आमच्याकडे यायचं असेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या, तेव्हा गर्दी नसते. तपासणीची खोली अंधारी आहे. नको असेल तर दार उघडं ठेवू, घरचं माणूस शेजारी बसेल. टॉर्च डोळ्याजवळ आणण्याआधी आम्ही सांगू. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू, उरलेलं दुसऱ्या दिवशी करू. त्याचे वेगळे पैसे नाहीत.