सांधा लपवायचा की दाखवायचा

फोटो कोलाजच्या प्रदर्शनात पहिली दहा मिनिटं मीही सगळ्यांसारखी चित्रांसमोर हाताची घडी घालून उभी होते. मग भिंतीला जवळजवळ गाल टेकवून एका चित्राकडे आडवं पाहिलं. दिव्याच्या उजेडात कापलेल्या कागदांच्या कडा उठून आल्या, प्रत्येक कडेची बारीक सावली पडलेली. एका चेहऱ्याचा कान कात्रीनं जरा जास्तच उडवला होता. समोरून यातलं काही जाणवलं नव्हतं. वर्गासाठी प्रदर्शनावर प्रतिसाद लिहायचा होता. माझा प्रतिसाद त्या कडांवरच अडकला, आणि त्यांचा माग काढताना हे टिपण झालं.

१८५७ साली मँचेस्टरच्या मोठ्या कलाप्रदर्शनात ऑस्कर रेलँडरनं 'जीवनाचे दोन मार्ग' हा फोटो मांडला. तीसहून अधिक निगेटिव्ह, एकेक भाग छापताना बाकीचा झाकून, त्यानं एका दृश्यात बसवल्या होत्या. सगळं कसब सांधा लपवण्यात खर्ची पडलेलं. फोटोग्राफीला तेव्हा कलेच्या पंगतीत पान हवं होतं आणि त्यासाठी रंगवलेल्या चित्रासारखं अखंड दिसणं भाग होतं. राणी व्हिक्टोरियानं त्याची प्रत विकत घेतली. पान मिळालं म्हणायचं.

पण त्याच सुमारास घरांच्या दिवाणखान्यांत वेगळाच उद्योग चालला होता. पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ मध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं आणि असे फोटो ढिगानं निघू लागले. इंग्लंडमधल्या उच्चवर्गीय बायका १८६० आणि १८७० च्या दशकांत त्यांतली डोकी कापून स्वतः रंगवलेल्या जलरंगचित्रांवर चिकटवत. केट गफ हिच्या अल्बममध्ये तळ्यात पोहणाऱ्या बदकांना माणसांची डोकी आहेत. इथं कुणाला फसवायचं नव्हतं, सांधा दिसण्यातच गंमत होती. कलेच्या इतिहासानं मात्र ही पानं फावल्या वेळचा छंद म्हणून बरीच वर्षं बाजूला ठेवली. मला ती रेलँडरच्या भव्य दृश्यापेक्षा कितीतरी जिवंत वाटतात.

१९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक यांनी कॅनव्हासवर ऑइलक्लॉथ आणि भिंतीचे छापील कागद चिकटवले. कोलाज या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधलं 'चिकटवणं' आहे. पण त्यात फोटो मध्यभागी आला तो बर्लिनमध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, दादावाद्यांच्या हातून, म्हणजे युद्धाला आणि रुळलेल्या कलेला वैतागून दोन्हींची खिल्ली उडवणाऱ्या कलावंतांच्या हातून. (हा 'दादा' थोरला भाऊ नव्हे आणि गल्लीतलाही नव्हे, तरी दांडगाई होतीच.) त्यांनी आपल्या कामाला फोटोमोंटाज म्हटलं. जर्मनमध्ये 'मोंटिअरेन' म्हणजे सुटे भाग जोडून यंत्र उभं करणं. चित्रकार म्हणवून घेण्यापेक्षा फिटर म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान होता.

हान्ना ह्योख ही त्यांच्यातली. १९१६ पासून दहा वर्षं ती उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनगृहात बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम आणि लेसचे नमुने काढत होती. म्हणजे सचित्र साप्ताहिकांचा कच्चा माल तिच्या हाताशी होता, आणि नमुन्याच्या रेषेवरून कात्री चालवायची रोजची सवयही. १९२० च्या उन्हाळ्यात बर्लिनला पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा भरला. गटातल्याच ग्रोस आणि हार्टफील्ड या कलावंतांना तिला त्यात घ्यायचं नव्हतं. त्यांचाच साथी राऊल हाउसमान यानं आपलीही चित्रं काढून घेण्याची धमकी दिली तेव्हा तिला जागा मिळाली. बंडखोरांच्या मांडवातही बाईला कुणाची तरी चिठ्ठी लागलीच!

तिथं तिनं मांडलेलं कोलाज ११४ बाय ९० सेंटिमीटरचं आहे. लांबलचक नावाचा मथितार्थ असा, की दादाच्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं वायमार जर्मनीच्या, म्हणजे युद्धानंतरच्या प्रजासत्ताक जर्मनीच्या, सुटलेल्या बिअरपोटाला घातलेला छेद. सुरी स्वयंपाकघरातली, हे मुद्दामच. त्यात जर्मन सम्राट कैसर आहे, आइनस्टाइन आहे, चाकं आणि बेअरिंग आहेत. मधोमध नर्तकीचं बिनमुंडक्याचं शरीर आहे आणि त्याच्या वर चित्रकार केटे कोलवित्झचं डोकं तरंगतंय. उजव्या खालच्या कोपऱ्यात युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मताधिकार मिळाला होता त्यांचा नकाशा, आणि त्याच्या कडेला ह्योखचा स्वतःचा छोटासा चेहरा. जर्मनीत बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं ते १९१९ च्या जानेवारीत. इथं कागदांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळवायचा प्रयत्नही नाही. तुटलेल्या देशाचं अखंड चित्र काढलं असतं तर तेच खोटं ठरलं असतं.

सांधा लपवण्याचं तंत्र पुढे सत्तेच्याही कामी आलं. फोटोत स्टालिनशेजारी चालणारा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला तसा फोटोतून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी उरलं. सोव्हिएत पोस्टरांत फोटोमोंटाज रुजवणारा गुस्ताव क्लुत्सिस याला तर १९३८ मध्ये त्याच राजवटीनं गोळी घातली. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, १९९४ मध्ये त्यात लेअर, म्हणजे एकावर एक रचायचे चित्राचे थर, आले, आणि सांधा पुसायला डार्करूमही लागेनाशी झाली.

हार्टफील्डची गोष्ट मात्र उलटसुलट आहे. तो सत्तेच्या विरोधात, पण सांधा लपवणाराच. साप्ताहिकासाठी केलेल्या १९३२ च्या एका मोंटाजमध्ये त्यानं हिटलरच्या छातीचा एक्स-रे दाखवला, आत मणक्यांच्या जागी नाण्यांची चळत. वाचकाला क्षणभर ते खरंच वाटलं पाहिजे, म्हणून सांध्यांवर ब्रश फिरवून ते बुजवलेले असत. त्याच्या लेखी खरी कलाकृती म्हणजे साप्ताहिकाचं छापील पान, चिकटवलेला कागद फक्त छापखान्यात जाण्यापुरता. आता संग्रहालयांत नेमका तोच कागद काचेआड टांगतात. भिंतीला गाल लावून पाहिलं तर त्यानं बुजवलेल्या कडाही दिसत असतील.